गेरूनं खाल्लेला उजेड

देवराम, तुझं उजेड मोजायचं मीटर माझ्याकडं आलंय.

बाराव्याची पंगत उठली, माणसं तुझ्या सूर्यमाळचा उतार उतरायला लागली, तेव्हा तुझ्या सुनेनं एक पिशवी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "काका, बाबा बोलून ठेवले होते. मीटर दाजीला द्या, दुसरा कुणी त्याच्याशी भांडणार नाय." पोरगी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी पिशवी काखेत मारली आणि जीपमध्ये बसलो. शेजारी मंजी. तुझी थोरली बहीण, माझी बायको. आमचं जामसर येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली. पिशवीकडं तेवढं एकदा बघितलं.

तिथं लोक उठून तुझ्याबद्दल बोलले. मलाही कुणी म्हणालं, दाजी, तुम्ही बोला. मी मान हलवली. बोलता येत नाही असं नाही. पण तोंड उघडलं असतं तर जे खरं बोलायचं होतं तेच बाहेर आलं असतं, आणि तेवढ्या माणसांत ते सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून लिहितोय. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं, आमच्या पाड्यावरचा पहिला बल्ब या हातानं लावला, त्यामुळं मला अडाणी म्हणायची कुणाची हिंमत नाही. तुझी होती. तू म्हणायचास.

आठवतं ना, वसईच्या कारखान्यातनं तू कायमचा परत आलास, तेव्हा पहिलं भांडण झालं ते. तुझी तिथली नोकरी दिवे बनवायच्या ठिकाणी, आधी झाडू मारायला, मग तपासणीच्या खोलीत मीटर धरायला. मी तुला कौतुकानं माझ्या घरातला बल्ब दाखवला. दोनशे वॉटचा. अख्ख्या पाड्यात एवढा मोठा कुणाकडं नव्हता.

तू वर बघितलंस आणि म्हणालास, "दाजी, दोनशे वॉट म्हणजे तो खातो किती. देतो किती ता सांग."

"देतो म्हणजे? दोनशे देतो."

"बैल घ्यायला बाजारात गेलास, तर वैरण किती खातो ता विचारशील, का नांगरतो किती ता?"

मंजी चुलीपाशी खुदकन हसली. मला राग आला. माझ्या घरात, माझ्या बल्बाखाली, माझ्या बायकोसमोर. पण तू थांबणारा नव्हतास. दिवा जो उजेड सोडतो त्याचं माप लुमेन. आणि खाल्लेल्या एका वॉटला किती लुमेन सोडले, ती त्याची खरी लायकी. माझा बल्ब एका वॉटला तेरा-चौदा सोडायचा आणि बाकीची सगळी आग. तुझ्या पिशवीतला नवा दिवा एका वॉटला शंभर. वीस वॉट खाऊन दोन हजार लुमेन. मी म्हटलं, "खोटा." तू म्हणालास, "हात लाव तुझ्या बैलाला." लावला. भाजला.

तो बल्ब मी नंतर कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावला. तू पुढच्या खेपेला आलास, खुराड्यात डोकावलास आणि एवढंच म्हणालास, "आता बरोबर कामाला लावलास." पण तेव्हापासून खोक्यावर वॉट वाचायच्या आधी मी लुमेन वाचतो. हे तुला कधी सांगितलं नाही. दुकानदाराला मात्र ऐटीत सांगतो, जसं काही माझंच डोकं.

उजेडाचा पिवळा रंग ही गोष्ट अजून मिटलेली नाही, हेही इथंच सांगून ठेवतो. तुझ्या पांढऱ्या दिव्यात नागलीची भाकरी मेल्यासारखी दिसते. तू म्हणायचास, दाजी, रंगाचाही आकडा असतो, पिवळ्या उजेडाचा नवा दिवा मिळतो, मी आणून देतो. आणला नाहीस. ते भांडण अर्धंच राहिलं आणि त्यात मी चूक नाही.

पण दुसऱ्या भांडणाचं सांगायचंय.

बायकांच्या गटाला शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं. पाड्याच्या कडेला कुडाच्या भिंतींची, पत्र्याची शेड. निळ्या-काळ्या पँटी, काळा दोरा. मंजीचे डोळे आधीच थकलेले. एका दुपारी पावसाचं अंधारून आलं आणि मशीनची सुई तिच्या बोटातनं आरपार गेली. तू दोन दिवसांनी आलास, बोटाची चिंधी बघितलीस. तिला काही बोलला नाहीस. मला म्हणालास, "दाजी, चल शेडवर."

तुझी ती पद्धत मी तोवर बघितली नव्हती. वायरमन म्हणून मी काय करायचो? खोली बघायची, मान वाकडी करून म्हणायचं, दोन बल्ब पुरे. तू आधी दिव्याचं नाव काढलं नाहीस. मंजीच्या स्टुलावर बसलास, सुईखाली मीटरची ती पांढरी वाटी ठेवलीस आणि म्हणालास, "उजेड इथं हवा. छपराला नाय शिवायचे कपडे."

मग मला समजावून सांगितलंस. ते मला आजही पाठ आहे. पायलीभर नागली छोट्या वाफ्यात फेकली तर दाट उगवते. तीच पायली माळावर फेकली तर विरळ. लुमेन म्हणजे पायली. आणि जमिनीवर किती दाट पडला ते लक्स. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. तुझ्या मीटरला लक्सच कळतात. त्या दिवशी सुईखाली साठ होते. तू म्हणालास, तीनशे तरी पाहिजेत, आणि ते सुद्धा तरण्या डोळ्यांना.

कॅलेंडरच्या पानामागं हिशेब मांडलास. शेड सहा मीटर लांब, चार रुंद, म्हणजे चोवीस. चोवीसला तीनशेनं गुणलं, सात हजार दोनशे लुमेन. मी म्हटलं, झालं तर, दोन हजारवाले चार दिवे. तू मान हलवलीस. "दिव्यातनं निघाला म्हणजे टेबलावर आला असा नाय. वाटेत किती मरतो ता धर." काही छपराकडं जातो, काही भिंती खातात. वर धूळ, पावसाळ्यात पाखरं मरून दिव्यात साठतात, दिवाही म्हातारा होतो. ते सगळं आधीच धरलंस. निम्म्याच्या वर गेला वाटेत. चाराचे आठ दिवे झाले.

"आणि भिंती पांढऱ्या," तू म्हणालास. "पांढरी भिंत फुकटचा दिवा. आलेला उजेड परत टाकते. गेरूची भिंत गिळून बसते."

त्याच दिवशी चुना कालवून तूच भिंतींना मारलास. मंजीनं खालून बादली धरली. चुना कशाला ते तू मलाच सांगितलं होतंस; तिला वाटलं, सारवणाआधीचा हात असेल. तुम्ही बहीणभाऊ दिवसभर लहानपणीचं काहीबाही बोलत होतात, सूर्यमाळला उन्हाळ्यात झऱ्याच्या खड्ड्यात वाटीवाटीनं पाणी भरायचात ते, आणि तू हंडा फोडलास आणि मार तिनं खाल्ला ते. "त्या माराचा चुना मारतोय," तू म्हणालास. ती चुन्याचं पाणी तुझ्या अंगावर उडवत होती. मी बाहेर बिडी ओढत बसलो होतो. मला कुणी बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मला ते झोंबलं. शेड माझ्या गावात, वायरिंग माझं, बायको माझी, आणि माझं काम काय, तर तू लिहून दिलेले आठ दिवे टांगायचे. टेबलापासून साडेपाच फुटांवर, साखळीनं. साखळीसुद्धा तू आणलेली.

मी साखळी लावली नाही. दिवे वर वाशाला ठोकले, जमिनीपासून चौदा फुटांवर. चाळीस वर्षांत मी कुठं बैलाच्या गळ्यासारख्या साखळ्या लोंबकळत ठेवल्या नव्हत्या. तुला फोनवर सांगितलं तर तू ओरडलास, "दाजी, वर गेला की उजेड पातळ होतो! एका दिव्याखाली उंची दुप्पट केलीस तर उजेड चौथाई!"

"सूर्य किती उंच हाय रं?"

"सूर्य तू बसवलास का?"

मी फोन ठेवला. लगेच परत केलास. आवाज शांत होता. म्हणालास, "बरा, उंचीचा येऊन बघतो. एक निरोप मंजीला दे. भिंतींना हात लावू नका म्हणावं. नव्या दिव्यांच्या उद्घाटनाला सारवतील बाया, मला माहीत हाय आपली माणसं. पांढऱ्याच ठेवा म्हणावं. देशील ना?"

"देतो."

मंजीकडं फोन नव्हता. तुला माझ्याशिवाय वाट नव्हती.

निरोप मी दिला नाही.

विसरलो असं म्हणायची सोय आहे. पण विसरलो नाही. मला वाटलं, भिंत काय उजेड देते? येऊ दे, गेरूच्या भिंतीत माझे दिवे कसे लख्ख पडतात ते बघू दे. उद्घाटनाच्या चार दिवस आधी मंजीनं विचारलं, "देवराम येणार, भिंती अशा कोऱ्या बऱ्या दिसत नाय. सारवू का?" मी म्हटलं, "सारवा की." एवढंच. दोन शब्द.

तिनं गेरू आणला, शेणात कालवला, बायांना घेऊन चारी भिंती सारवल्या. आणि दारासमोरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढला, आपल्याकडं लग्नघरात काढतात तसा. कडेला झऱ्याचा खड्डा काढला, वाटी घेतलेली दोन पोरं काढली. दोन दिवस बसून. कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं होतं.

तू आलास. दारातच थांबलास. बाया नव्या लुगड्यांत उभ्या. तू भिंतीकडं बघितलंस, वर वाशाकडं बघितलंस, मग पिशवीतनं मीटर काढून सुईखाली ठेवलंस. एकशे ऐंशी. पांढऱ्या भिंती आणि साखळीवर दिवे असते तर नव्या दिव्यांचे साडेतीनशेच्या वर आले असते. धूळ बसून बसून ते तीनशेपर्यंत उतरले तरी चाललं असतं, असा तुझा हिशेब.

तू माझ्याकडं वळलास. "दाजी, निरोप दिला होतास ना?"

मी म्हणालो, "दिला होता."

देवराम, तू धूळ धरली होतीस, पाखरं धरली होतीस, लायनीचा व्होल्टेज पडतो तेसुद्धा बघून दिवे आणले होतेस. माझं काही धरलं नव्हतंस.

मग तू मंजीला बोललास. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "एवढी मेहनत केलीस ती कशाला? उजेड मारायला? सगळ्या भिंती घाण करून ठेवल्या." तुझ्या डोक्यात मीटर होतं. तुला वाटलं, बहिणीनं आपला शब्द खाली पाडला. आणि तिला काय ऐकू आलं? भाऊ वसईला राहून आला, त्याला आपलं शेण, आपला गेरू आता घाण वाटतो. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सगळ्यांना चहा दिला. तुलाही दिला. तू दोन घोट घेऊन कप ठेवलास. तो चौक तू बघितलास का नाही, ती वाटीवाली दोन पोरं बघितलीस का, मला आजवर कळलं नाही. तुला विचारायचं म्हणजे मला सांगायला लागलं असतं.

तुम्हा दोघांच्या मध्ये खरं माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो चकलीचे तुकडे करत बसला होता.

भाऊबीजेला तू आला नाहीस. तिनं दिवसभर ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी उघडलं आणि कोंबड्यांना घातलं. मी तेव्हा बोलू शकलो असतो. नंतर होळीला, नंतर नागली लावायच्या वेळी, तुझा फोन यायचा, "दाजी, बरा हाय ना सगळा?" आणि मी म्हणायचो बरा हाय. तू तिचं विचारायचा नाहीस, पण फोन लवकर ठेवायचाही नाहीस. तसाच धरून राहायचास. मला तुझा श्वास ऐकू यायचा. मी कंटाळलो होतो देवराम, त्या गोष्टीला. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि रोज वाटायचं, आता इतके दिवस गेले, आता काय सांगायचं. माणूस थकतो. खोटं बोलताना नाही थकत, सांभाळताना थकतो.

मग तुझ्या मुलाचा फोन आला. रानातनं आलास, ओट्यावर बसलास, पाणी मागितलंस आणि ते येईपर्यंत गेलास.

मी मंजीला सांगितलं. ती रडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "त्याला भिंती नाय आवडल्या." बस. वर्षभर तिच्या पोटात तेवढंच होतं. दिवस-कार्य होईपर्यंत तेच एक वाक्य तीनदा म्हणाली. शेडकडं जाणं सोडलं. मशीनवर फडकं टाकून आली. बाया विचारायला आल्या तर म्हणाली, "मला दिसत नाय आता."

बाराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. तू धरायचास तसं मीटर सुईखाली धरलं, हात बाजूला ठेवून, आपल्याच अंगाची सावली वाटीवर पडणार नाही असं. एकशे तीस. वर्षाची धूळ, पाखरं, गेरू, आणि माझे चौदा फूट. त्या उजेडात ती वर्षभर काळ्यावर काळा दोरा घालत होती आणि मला एकदाही म्हणाली नाही. का म्हणाली नाही? कारण दिवे मी लावले होते.

घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर राहिलं असतं.

"देवरामनं तुला निरोप धाडला होता. भिंती सारवू नका, पांढऱ्या ठेवा, उजेड परत टाकतात म्हणून. मी तुला दिला नाय. आणि त्याला सांगितला, दिला."

तिचा हात सुपात थांबला.

"त्याला गेरू घाण नव्हता वाटत. त्याला वाटला, तू त्याचा ऐकला नाय."

मी म्हटलं, "मी चुकलो." हे दोन शब्द मी तिला लग्नापासून म्हटले नव्हते. तुलाही नाही. कुणालाच नाही. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि मागल्या दारानं गेली. अंधार पडल्यावर आली. भाकरी केली, माझ्यापुढं ठेवली.

सकाळी मी चुना कालवला आणि एकटाच शेडवर गेलो. गेरूवर पहिला हात बसत नाही. खालनं लाल फुटतं, भिंत गुलाबी दिसते, जखम धुतल्यासारखी. मी दुसरा हात मारत होतो तेव्हा ती दारात आली. तीन भिंती झाल्या होत्या. चौथीवर चौक होता. तो मी तसाच ठेवला होता, मला हात लावायचा अधिकार नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. बोटानं त्या वाटीवाल्या पोराला हात लावला. मग माझ्या हातातला कुंचा घेतला आणि स्वतःच मारला. वरनं खाली. थांबली नाही. तिसरा हात आम्ही दोघांनी मारला, ती एका टोकाला, मी दुसऱ्या.

भिंती वाळल्यावर मीटर धरलं. दिवे न हलवता, नुसते पुसून, दोनशे चाळीस. भिंत उजेड देते देवराम. मी बघितलं. तू असतास तर किती वेळ हसला असतास, आणि मी किती चिडलो असतो.

तुझी साखळी कोठीत होती, कागदात गुंडाळलेली. गंजली नव्हती. तू तेल लावून दिली होतीस. शिडी लावली आणि चढलो. या वयात चौदा फूट म्हणजे चेष्टा नाही. खाली शिडी कुणी धरली ते मी वळून बघितलं नाही. पण धरली. आठही दिवे खाली आणले, टेबलापासून साडेपाच फुटांवर, टेप लावून. बैलाच्या गळ्यासारख्या साखळ्या लोंबत होत्या. दिसायला वाईटच दिसतं, हे मी अजूनही म्हणतो.

बटण दाबलं. मीटर सुईखाली ठेवलं. तीनशे चाळीस.

मी ते तसंच हातात धरून उभा राहिलो. कुणाला सांगू कळेना. तुला सांगायचं होतं. फोन उचलून, "देवराम, तीनशे चाळीस," एवढं म्हणायचं होतं, आणि तू पलीकडनं म्हणाला असतास, "दाजी, मला वाटला, एक तरी दिवा तू फोडशील."

मंजीनं मशीनवरचं फडकं काढलं, झटकलं, घडी घातली. स्टुलावर बसली. काळ्या दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि सुईत ओवायला गेली. मी मीटर घेऊन तिच्या खांद्यामागं उभा होतो, बघत, जमतंय का.

तिनं दोरा धरलेला हात थांबवला. मी सांगितल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"बाजूला हो," ती म्हणाली. "तुझी सावली पडते."

मी बाजूला झालो.